जहाजाचा नांगर आणि शेतातला नांगर

पुरंदर तालुक्यातली एक मुलगी पुण्याजवळच्या एका सागरी महाविद्यालयात शिकते. रविवारी तीन-चार जण माझ्या घरी दोराच्या गाठी शिकायला येतात, त्यांत तीही असते. तिने मला लिहून विचारलेला प्रश्न असा: "सर, आमच्या शेतात नांगर आहे आणि वर्गात जहाजाचाही नांगरच शिकवतात. आजोबा म्हणतात, जहाजाचा लोखंडी फाळ समुद्राच्या तळाशी मातीत रुततो, म्हणून त्यालाही नांगर म्हणायला लागले. हे खरं आहे का? आणि मूरिंगला, म्हणजे जहाज दोरांनी धक्क्याला अडकवायच्या कामाला, मराठीत काय म्हणायचं? मी 'जहाज बांधणं' म्हटलं तर मुलं म्हणाली, ते तर गोदीत बांधतात."

मी तीस वर्षं बोटीवर काढली. आता पुण्यात राहतो आणि उरलेला वेळ या शब्दांच्या मागे घालवतो. त्यामुळे उत्तर थोडं लांबणार आहे, ते सावकाश वाच.

आधी थेट सांगतो. तुझ्या आजोबांचं म्हणणं ऐकायला पटतं, पण शब्दाचा उगम तसा नाही. शेतातला नांगर आणि जहाजाचा नांगर हे दोन वेगळे शब्द आहेत. एक संस्कृत 'लाङ्गल'वरून आला, दुसरा फारसी 'लंगर'वरून. मराठीच्या तोंडात दोघांचे उच्चार इतके जवळ आले की ते एकच होऊन बसले. गावातल्या दोन घराण्यांचं आडनाव एकच असावं आणि सोयरसुतक मात्र काही नसावं, तसं.

कोशात जाण्याआधी डेकवरची गोष्ट सांगतो, कारण मला हा फरक पहिल्यांदा तिथे कळला. मान्सूनच्या तोंडावर मुंबईबाहेर आम्ही नांगर टाकून उभे होतो. वारा वाढत चालला होता. मी नवखा होतो, पुढच्या डेकवर सारंगाबरोबर पाठवलं होतं. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. हा कोकणातल्या हर्णैचा, वयाने माझ्या वडिलांएवढा. त्याने वाकून साखळीवर तळहात ठेवला आणि तसाच थांबला. मग माझा हात धरून तिथे टेकवला. ओल्या, गंजक्या लोखंडातून आतल्या आत एक खरखर येत होती. थांबायची, पुन्हा यायची, मग साखळी एकदम ताणून ढिली पडायची. तो म्हणाला, "साहेब, नांगर चाललाय." वॉकीटॉकीवर ब्रिजला, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीला, कळवलं, इंजिन सुरू झालं, नांगर उचलून दुसरीकडे टाकला आणि रात्र निभावली.

"नांगर चाललाय." शेतकऱ्याच्या घरात हे वाक्य म्हणजे चांगली बातमी. पाऊस झाला, वाफसा आला, नांगर चाललाय. समुद्रावर हेच वाक्य म्हणजे धोका. नांगर तळाला घट्ट बसायला हवा होता, तो घसरतोय आणि त्याच्यामागे अख्खं जहाज ओढलं जातंय. अशा वेळी तो तळाची माती खरोखरच नांगरत जातो, लांबच लांब तास पडतं. म्हणजे जहाजाचा नांगर नांगरायला लागला की समजायचं, तो आपलं काम करत नाही. ज्यांनी या वस्तूला पहिल्यांदा नाव दिलं ते ती रोज हाताळणारे लोक होते. ती बिघडल्यावर जे करते त्यावरून त्यांनी तिला नाव दिलं नसतं.

बरोबरची क्रियापदंही बघ. शेतात नांगर जुंपतात, धरतात, हाकतात. समुद्रात नांगर टाकतात, सोडतात, उचलतात. 'नांगरणे' हे क्रियापद दोन्हीकडे आहे, पण कर्म बदलतं. 'शेत नांगरलं' म्हणजे ज्यात नांगर घातला ती जमीन. 'होडी नांगरली' म्हणजे ज्याला नांगर बांधला ती होडी. समुद्राला कोणी 'नांगरला' म्हणत नाही. शब्द मुळात एकच असता तर वापर इतका उलटा गेला नसता.

आता दोन्ही घराण्यांची मुळं.

शेतातला नांगर फार जुना. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात 57वं सूक्त शेतीचं आहे, त्यात 'शुनं कृषतु लाङ्गलम्' असं म्हटलंय, म्हणजे नांगर सुखाने नांगरो. बलरामाला 'लांगली' म्हणतात ते याच लाङ्गलावरून. पालीत त्याचं 'नंगल' झालं. कन्नडमध्ये 'नेगिलु', तेलुगूत 'नागलि', संथाळीत 'नाहेल', आणि पार मलायमध्ये 'तेंगाला', सगळीकडे अर्थ नांगरच. म्हणूनच अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात की हा शब्द संस्कृतने इथल्या आधीच्या शेतकरी लोकांकडून घेतला. तुझ्या आजोबांच्या हातातला शब्द वेदांइतका तरी जुना आहेच.

जहाजाचा नांगर समुद्रमार्गे आला. फारसीत 'लंगर' म्हणजे जहाज धरून ठेवणारी वस्तू आणि 'लंगरगाह' म्हणजे ती टाकून उभं राहायची जागा. हा शब्द एकटा आला नाही, सगळा तांडा घेऊन आला. बंदर फारसी, दर्या फारसी. नाखवा म्हणजे 'नाखुदा', नावेचा धनी. सारंग म्हणजे फारसी 'सरहंग'. जहाज, खलाशी, सुकाणू हे अरबी. मोसम हाही अरबी, आणि इंग्रजांचा 'मान्सून' त्याच अरबी शब्दातून पोर्तुगिजांच्या हातून गेला. आरमार तर सरळ पोर्तुगिजांच्या 'आर्माडा'वरून. कोकणच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं कोण कोण येऊन गेलं, हे एका होडीवरच्या वस्तूंची नावं मोजली तरी कळतं. मी बोटीवर लागलो तेव्हाही खलाशी दोर सोडायला 'आरया' म्हणायचे आणि ओढायला 'हबेश'. त्यातला आरया पोर्तुगिजांच्या 'अरियार'चा, म्हणजे खाली उतरवणे. तुला पहिल्याच जहाजावर हे दोन शब्द ऐकू येतील, आत्ताच पाठ करून ठेव.

मग 'लंगर'चा 'नांगर' कसा झाला? ल आणि न या दोन ध्वनींत जीभ जवळजवळ एकाच जागी टेकते. शब्दात पुढे अनुनासिक असलं की दोघांची अदलाबदल अगदी सहज होते. 'लाङ्गल'चा 'नांगर' झाला तो असाच. संस्कृतात 'ललाट', मराठीत 'निढळ'. निढळाचा घाम म्हणजे कपाळाचा घाम. उलटंही होतं. संस्कृत 'निंब', हिंदीत 'नीम', पण आपण 'कडुलिंब' म्हणतो. आणि तुझ्या गावात 'नंबर'ला 'लंबर' आणि 'नुकसान'ला 'लुकसान' म्हणणारी माणसं आजही भेटतील. त्यांना कोणी अडाणी म्हटलं तर सांग, हा भाषेचा हजारो वर्षांचा नियम त्यांच्या जिभेवर जिवंत आहे.

पण नुसत्या नियमावर विश्वास ठेवू नकोस, शेजारच्या भाषा तपास. मला सगळ्यांत भक्कम पुरावा बंगालीत सापडला. बंगालीत शेतातला नांगर 'लाङल', आणि जहाजाचा 'नोङर'. म्हणजे शेताचा ल तसाच राहिला आणि जहाजाच्या ल-चा न झाला. तिथे हे दोन शब्द एकमेकांत मिसळलेच नाहीत, तरीही लंगरचा न झाला. तमिळमध्ये 'नंगूरम', मल्याळममध्ये 'नंकूरम'. हा बदल किनाऱ्याकिनाऱ्याने झालेला आहे, त्यासाठी शेतातल्या नांगराची गरज नव्हती. हिंदी-गुजरातीत जहाजाचा 'लंगर' आणि शेतातला 'हल' किंवा 'हळ', तेलुगू-कन्नडमध्ये जहाजाचा 'लंगरु', म्हणजे तिथे घोटाळ्याला जागाच नाही. मराठीत आणि कोकणीत मात्र घरोघर 'नांगर' शब्द आधीच बसलेला होता. परका 'लंगर' किनाऱ्याला लागला आणि या ओळखीच्या साच्यात जाऊन बसला. त्याचा पहिला अ लांब होऊन आ झाला तो माझ्या मते याच ओढीने.

फारसी शब्दांचा माग घ्यायचा असेल तर माधव जूलियन यांचा 1925 सालचा फारसी-मराठी कोश बघ. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात इथे पुण्यातच छापला गेला. तो ग्रंथालयात बसून चाळायची सवय लाव. दर्यावर्दी शब्दांवर माझ्या कितीतरी दुपारी त्यात गेल्या आहेत आणि एकही वाया गेली नाही.

तू वर्गात 'अँकर' म्हणतेस, त्याचंही घराणं सांगतो, कारण तिथे तुला एक नातेवाईक भेटेल. ग्रीकमध्ये 'आंकुरा', त्यावरून लॅटिन 'अंकोरा', तिथून इंग्रजी. त्यामागच्या क्रियाधातूचा अर्थ वाकणे, म्हणजे वाकडी, आकड्यासारखी वस्तू. संस्कृतात त्याच मुळाचा शब्द आहे 'अंकुश', माहुताच्या हातातला. म्हणजे अँकर आणि अंकुश हे चुलत भाऊ. एक जहाज आवरतो, दुसरा हत्ती. नाव आकारावरून पडलं, आणि चालणाऱ्याला आवरायचं कामही दोघांचं सारखंच.

आजोबांना मात्र एक गोष्ट आवर्जून सांग. त्यांच्या कल्पनेतली वस्तू पुढे खरोखर बनली. 1933 साली जी. आय. टेलर या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने फाळाच्या आकाराचा नांगर तयार केला. तो स्वतः शिडाच्या होड्या चालवायचा, आणि लहान बोटीला हलका पण पक्का धरणारा नांगर त्याला हवा होता. तो प्रकार आजही वापरात आहे आणि इंग्रजीत त्याला शेतातल्या नांगराचंच नाव आहे. टेलरचा फाळ मातीत शिरतो, पण शिरून तिथेच थांबण्यासाठी.

थांबतो कसा, हे नीट समजून घे. तोंडी परीक्षेत अर्धी मुलं सांगतात की नांगर जड असतो म्हणून जहाज थांबतं. मोठ्या जहाजाचा नांगर दहा-पंधरा टनांचा असेल, पण जहाज लाखभर टनांचं. नुसत्या वजनाने काय होणार? नांगराला आडवी ओढ मिळाली तर त्याची नखं तळात खोल जातात. वर ओढ मिळाली तर तो उपटून येतो. ओढ आडवी राहावी म्हणून साखळी भरपूर सोडायची, इतकी की तिचा बराच भाग तळावर लोळत पडला पाहिजे. वारा आला की आधी ती पडलेली साखळी उचलली जाते, धक्का तीच खाते. जहाजावर साखळी शॅकलमध्ये मोजतात, एक शॅकल म्हणजे साडेसत्तावीस मीटर. 20 मीटर पाणी असेल आणि पाच शॅकल सोडले, तर एकशे साडेसदतीस मीटर झाले, खोलीच्या जवळजवळ सात पट. साधारण पाच ते सात पट हा हिशेब धरतात. वारा वाढला की आणखी सोडायची.

कोकणातल्या मच्छीमारांकडे मापाचा शब्द आहे 'वाव'. दोन्ही हात पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे एक वाव. शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडायची आणि वर ओढताना छातीसमोर हात पसरून वाव मोजायचे. इंग्रजीतला 'फॅदम' हा शब्दही जुन्या इंग्रजीत पसरलेल्या हातांचाच, आता तो सहा फुटांना पक्का झालाय. वर सांगितलेली शॅकल म्हणजे मुळात पंधरा फॅदम. हर्णैचा सारंग आणि लंडनचा खलाशी एकमेकांना न भेटता एकच माप वापरत होते, कारण दोरी ओढणाऱ्या माणसाचे हात सगळीकडे तेवढेच लांब.

लोखंडाआधी दगड होते. द्वारकेच्या आणि विजयदुर्गच्या पाण्यात समुद्री पुरातत्त्वाच्या लोकांना दगडी नांगर मिळाले आहेत. काही त्रिकोणी, तीन भोकांचे. वरच्या भोकात दोर, खालच्या दोन भोकांत अणकुचीदार लाकडं, तीच नखं. दगड वजन देणार आणि लाकूड रुतणार. आजच्या नांगरातही कामाची वाटणी हीच आहे, फक्त वजनाचा बराच भाग साखळीने घेतलाय.

आता तुझा दुसरा प्रश्न, मूरिंगचा.

इंग्रजीतला 'मूर' हा शब्द उत्तर समुद्राच्या काठचा. डच भाषेत आजही होडी बांधायला 'मेरेन' म्हणतात. त्याच कुळातला जुना डच शब्द फ्रेंचमध्ये 'अमारे' झाला, स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये 'अमारार'. अर्थ सगळीकडे साधा, दोराने बांधणे.

आणि इथेच मराठीची अडचण आहे, तुझ्यावर हसणाऱ्या मुलांचं तेवढं बरोबर होतं. आपलं 'बांधणे' घरालाही चालतं आणि गाईलाही. 'जहाज बांधलं' म्हटलं की ऐकणाऱ्याला जहाजबांधणी आठवते. 'होडी दोराने बांधली', 'होडी खुंटाला बांधली' म्हटलं की अर्थ नीट उतरतो. किनाऱ्यावरची माणसं तसंच बोलतात, कशाला बांधली ते आधी सांगतात. मोठ्या जहाजासाठी 'धक्क्याला लावलं', 'बोयाला (पाण्यावर तरंगणाऱ्या, तळाशी पक्क्या केलेल्या पिंपाला) बांधलं' हे शब्द सरळ आणि पुरेसे आहेत. कामाच्या वेळी 'मूरिंग' म्हण, सगळेच म्हणतात. पण त्यासाठी 'नांगरणे' वापरू नकोस. बातम्यांत धक्क्याला लागलेल्या जहाजाला सर्रास 'नांगरलेलं जहाज' लिहितात, ते मला खटकतं, आणि त्याला कारण आहे. नांगरलेलं जहाज हे कायद्याने वेगळं जहाज असतं. समुद्रावरची टक्कर टाळण्याचे 1972चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांप्रमाणे नांगरलेल्या जहाजाने दिवसा पुढच्या बाजूला काळा गोळा चढवायचा, रात्री चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावायचा, 50 मीटरपेक्षा लांब असेल तर मागेही एक. धुक्यात दर मिनिटाला पाच सेकंद घंटा जोरजोरात वाजवायची. धक्क्याला दोरांनी बांधलेल्या जहाजाला यातलं काही नसतं. धक्क्यावरचं जहाज जागचं हलत नाही, नांगरावरचं वाऱ्या-भरतीबरोबर नांगराभोवती फिरत राहतं आणि त्याला तेवढी मोकळी जागा लागते. शब्द चुकला की ही जागाच डोळ्यांसमोर येत नाही.

पावसाळ्यात लहान होड्या ना नांगरत ना बांधत. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून, म्हणजे वरून झाकून, ठेवतात. 'शाकारणे' हा आपल्या घरांच्या छपराचा शब्द. हर्णैला कधी जून महिन्यात गेलीस तर ओळीने शाकारलेल्या होड्या दिसतील.

पुण्यात बसून हे शिकायचं कसं, असंही तू मागे विचारलं होतंस. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा आहे, 1916 पासूनची. बंदरांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत लाटा सोडतात आणि बांधलेल्या जहाजाच्या दोरांवर किती ओढ येते तेही अभ्यासतात. भेट द्यायची सोय होते का, ते महाविद्यालयामार्फत विचार. धक्क्याला बांधलेल्या जहाजाचा दोर ताणाखाली तुटून माणसाच्या पायावर आलेला मी पाहिलाय. म्हणून रविवारी मी गाठ पुन्हा पुन्हा सोडायला लावतो आणि दोराच्या रेषेत उभं राहू देत नाही.

शेवटी एक गोष्ट फक्त तुझ्यासाठी, तू जेजुरीच्या बाजूची म्हणून. फारसी 'लंगर' मराठीत नांगर होऊन संपला नाही. त्याचा मूळ रूपातला भाऊ जमिनीवर राहिलाय. लंगर म्हणजे जड साखळी, हत्तीच्या पायातलीसुद्धा. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जेवण मिळतं तोही लंगरच, फारसीत साधुसंतांच्या आश्रयस्थानालाही हा शब्द होता. आणि खंडोबाच्या उत्सवात वाघ्ये जो 'लंगर तोडतात', ती लोखंडी साखळी तू लहानपणापासून पाहिली असशील. तुझ्या घरच्या नांगराशी जहाजाच्या नांगराचं नातं नाही, पण त्या साखळीशी आहे. या चंपाषष्ठीला आजोबांबरोबर गेलीस की जवळ जाऊन तिची कडी बघ. जहाजाच्या साखळीच्या जवळजवळ प्रत्येक कडीत मधोमध एक आडवी दांडी असते, कडी दबून मिटू नये आणि साखळीला पीळ पडू नये म्हणून. वाघ्याच्या लंगराच्या कडीत ती दांडी आहे की नाही, ते रविवारी येशील तेव्हा मला सांग.